छत्रीवाले, केबलवाले आणि आपण

नमस्कार श्रोतेहो. टीव्हीवाल्यांच्या भांडणांबद्दल बोलायला रेडिओइतकी सोयीची जागा नाही. इथे ना रिचार्ज, ना पॅकेज.

२१ जानेवारी २००७, नागपूर. भारत विरुद्ध वेस्ट इंडिज. बऱ्याच महिन्यांनी संघात परतलेल्या सौरव गांगुलीनं ९८ धावा काढल्या. पण ज्यांच्या घरी फक्त दूरदर्शन होतं, त्यांना ती खेळी थेट बघता आली नाही. प्रक्षेपणाचे हक्क घेतलेली निम्बस कंपनी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती यांचं जमलं नव्हतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तोडगा निघाला की दूरदर्शननं सामने सात मिनिटं उशिरा दाखवावेत. सात मिनिटं! शेजारच्या केबलवाल्या घरात आरडाओरडा झाला की आपण ओळखायचं, आता कुणाची तरी विकेट जाणार. त्याच वर्षी कायदा झाला आणि महत्त्वाचे सामने दूरदर्शनला देणं बंधनकारक ठरलं. क्रिकेट होतं म्हणून सरकार इतक्या लगबगीनं हललं, असं माझं मत.

बाकीची भांडणं अशी पटकन मिटली नाहीत. त्यांच्या मुळाशी होती मोजणी. जुन्या केबलच्या काळात एका तारेवर किती घरं आहेत, हे केबलवाल्यालाच ठाऊक. वाहिनीवाल्यांना तो आकडा कमी सांगायचा, वसुली मात्र सगळ्या घरांतून करायचा. वाहिनीवाले म्हणत, हा आमचे पैसे खातो. केबलवाला म्हणे, तार मी ओढली, गच्च्या मी चढलो, भर पावसात लोकांच्या शिव्या मी खाल्ल्या. खरं दोघांचंही होतं. मग ठरलं, घरोघरी सेट टॉप बॉक्स बसवा, म्हणजे मोजणीचा प्रश्नच मिटला. ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुंबईत जुन्या ॲनालॉग केबलची शेवटची तारीख ठरली, पुढच्या वर्षी पुणे, नाशिक, नागपूरची पाळी आली. मोजणी त्यांची, बॉक्सचे पैसे मात्र आपले.

तोवर इमारतींवर उपग्रहावरून थेट घरी टीव्ही आणणाऱ्या डिशच्या छत्र्या उगवल्या होत्या. २००३ मध्ये डिश टीव्ही, २००६ मध्ये टाटा स्काय, पाठोपाठ बिग टीव्ही, एअरटेल, व्हिडिओकॉन. ती काही वर्षं गिऱ्हाइकाची खरी चैन होती. बॉक्सचे भाव उतरले, आणि तक्रार केली की "बघतो" म्हणून फोन ठेवणारा नाक्यावरचा केबलवाला संध्याकाळच्या आत पोरगा पाठवू लागला. कोकणात जुलैची जोरदार सर आली की छत्रीवाल्यांच्या पडद्यावर "नो सिग्नल", तेव्हा केबलवाल्याची कॉलर ताठ. गल्लीतली वीज गेली की त्याचा ॲम्प्लिफायर बंद, आणि घरी इन्व्हर्टर असलेला छत्रीवाला निवांत मालिका बघतोय. या चढाओढीबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बॉक्सबद्दल. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ पासून देशभर आहे. बॉक्सही कुणाचाही कुठेही चालावा, अशी शिफारस ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, २०२० मध्ये केली. तरी आजही कंपनी बदलली की जुना बॉक्स माळ्यावर जातो. त्यातलं वाहिन्या उघडणारं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या लेखी नुसता प्लास्टिकचा तुकडा. कंपनी बदलायला मोकळीक आहे, फक्त नवा बॉक्स तेवढा घ्यायचा!

बरं, कंपनी बदलून वाहिनीची किंमत थोडीच बदलते? ती ठरवतो वाहिनीचा मालक. २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे नवे नियम लागू झाले. हव्या त्या वाहिन्या निवडा, तेवढ्याचेच पैसे द्या. कागदावर सुरेख! पण तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांच्या जोडणीचे १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पैसेवाली एकही वाहिनी घेण्याआधी १५३ रुपये ४० पैसे. बुकेत, म्हणजे वाहिन्यांच्या एकत्रित गठ्ठ्यात, घालायच्या वाहिनीची किंमत १९ रुपयांहून जास्त नको, असं ठरलं. तर बड्या बड्या वाहिन्यांनी बरोब्बर १९ लावले. वाहिन्या सुट्या घेतल्या तर खिशाला चाट, बुके मात्र स्वस्त. आजीला हवी असते रात्रीची एक मराठी मालिका, आणि तिच्याबरोबर घरात येतात कधीही न लावल्या जाणाऱ्या डझनभर वाहिन्या.

२०२३ च्या फेब्रुवारीत तर स्टार, झी आणि सोनी यांनी नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नलच तोडले. केबलवाल्यांच्या संघटनेनं म्हटलं, साडेचार कोटी घरांत या वाहिन्या दिसत नाहीत. काही दिवसांनी करार झाले, वाहिन्या परत आल्या. यात महिन्याचे पैसे आधीच भरून बसलेल्या माणसाला कुणी विचारलं?

आता तर लढणारेच कमी झालेत. व्हिडिओकॉन २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. हॅथवे आणि डेन या मोठ्या केबल कंपन्या रिलायन्सच्या ताब्यात गेल्या. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्टार आणि व्हायकॉम१८ एकत्र आल्या, तिथेही सूत्रं रिलायन्सकडेच. म्हणजे रात्री आठ वाजता स्टार प्रवाह लावा नाहीतर कलर्स मराठी, पैसे एकाच घरात जाणार. त्याच वर्षी जोडणीच्या शुल्कावरची कमाल मर्यादाही ट्रायनं काढून टाकली. स्पर्धा आहे, तीच दर ताब्यात ठेवेल, असा त्यामागचा विचार. मला तो भाबडा वाटतो. प्रेक्षकांनी आपला मार्ग शोधलाय. २०२० च्या अखेरीला पैसे भरून छत्री वापरणारे सुमारे ७ कोटी होते, ते २०२५ च्या मार्चपर्यंत ५ कोटी ७० लाखांच्या आसपास आले. कुणी मोबाइलकडे वळलं, कुणी महिन्याचं भाडं नसलेल्या दूरदर्शनच्या फ्री डिशकडे.

तुम्ही अजून पैसे भरत असाल, तर पुढच्या रिचार्जआधी पॅकेजमधल्या वाहिन्यांची यादी मागून घ्या. घरात खरोखर काय लागतं त्यावर खुणा करा आणि त्याच वाहिन्या सुट्या घेतल्या तर किती होतील, ते विचारा. छोटा बुके स्वस्त पडत असेल तर तो घ्या. "सर, हेच पॅकेज आहे," असं उत्तर मिळालं, तर सुट्या वाहिन्या निवडायचा हक्क ट्रायच्या नियमांत आहे, असं शांतपणे सांगा. नमस्कार.