आठ दिवस ठेवलेली ट्रंक

नमस्कार मंडळी. घटस्थापना दहा दिवसांवर आली, म्हणजे आता 'दसरा काढायचे' दिवस. शहरात वाढलेल्या मुलांना हा शब्द ठाऊक नसेल, पण सातारा-सांगलीकडे ज्यांचं लहानपण गेलं त्यांची तो नुसता ऐकूनच पाठ दुखायला लागेल. घरातलं भांडं न् भांडं अंगणात. गोधड्या, वाकळा नदीवर. पितळेचे डबे चिंचेनं घासायचे, कोनाडे सारवायचे, अडगळीतली कोळिष्टकं काढायची. आणि दिवस मावळला की काय? सगळं पुन्हा जिथल्या तिथं. एक वस्तू कमी झालेली नसायची. पसारा तोच, फक्त आंघोळ केलेला.

तेव्हा ते खपून जायचं. घरात असायच्याच किती वस्तू? दोन ट्रंका, एक उतरंड, दळणाचे डबे. आता दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये माळा भरलेला, दिवाण भरलेला, बाल्कनी भरलेली, आणि तरी आपण म्हणतो की बाई, जागा पुरत नाही.

आज मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. घरात वस्तू साठतात त्याहून जास्त साठतं ते 'असू दे'. पुन्हा सांगते, घरात साठतं ते 'असू दे'. श्रीखंडाचा रिकामा डबा, असू दे. मोबाईलचं खोकं, असू दे. कुकरची जुनी रिंग, असू दे. लग्नपत्रिका तर टाकताच येत नाही, कारण वर गणपती असतो. आमच्याकडे असे साठेक गणपती एका पिशवीत बसलेत, आणि त्यातल्या निम्म्या लग्नांना आम्ही गेलोही नव्हतो.

आता या 'असू दे'ची गोष्ट सांगते. म्हणजे ट्रंकेची.

1985 साली मी लग्न होऊन पुण्यात भवानी पेठेत आले. जुना वाडा, वर पोटमाळा, आणि पोटमाळ्यावर एक हिरवी पत्र्याची ट्रंक. कडीला हे एवढं पितळी कुलूप, किल्लीचा पत्ता नाही. मी सासूबाईंना विचारलं, "आई, यात काय आहे?" त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असू दे. तिला हात नको लावूस."

झालं! नव्या सुनेला बंद ट्रंकेत दुसरं काय दिसणार? मी मनात सोन्याचे तोळे मोजले. माझ्या जावेला खात्री होती की आत पैठण्या आहेत. आमच्या ह्यांचं म्हणणं, आजोबांच्या जमिनीचे कागद असणार, कोर्टात कधीतरी लागतील. थोडक्यात काय, ज्याला जे हवं होतं ते त्या ट्रंकेत होतं.

1992 मध्ये आम्ही वाडा सोडून सहकारनगरला आलो. टेम्पोत सगळ्यात आधी ट्रंक चढली. ती उचलताना हमाल मला म्हणाला, "वहिनी, दगड भरलेत काय हो यात?" सासूबाई तिथेच उभ्या होत्या. म्हणाल्या, "नीट धर, आपटू नकोस." मी जावेकडे पाहिलं, जावेनं माझ्याकडे पाहिलं. आता शंकाच उरली नाही.

मग 2007 मध्ये सिंहगड रोडला फ्लॅट घेतला. चौथा मजला, आणि लिफ्ट सुरू झालेली नव्हती. ताबा आधी, लिफ्ट नंतर, ही आपल्याकडची रीतच आहे. मी तर म्हणते, फ्लॅट विकणाऱ्यानं एकदा तरी स्वतःचं कपाट जिन्यानं वर न्यावं. असो. दोन हमालांनी ती ट्रंक चार मजले चढवली आणि तिचे वेगळे दोनशे रुपये घेतले. बेडरूमचा एक कोपरा तिला दिला. पत्रा गंजका दिसायला लागला म्हणून मी तिला खोळ शिवली. झालरीची! तिच्यावर घडीचे कपडे, त्यांच्यावर इस्त्रीचे कपडे, सगळ्यात वर मांजर.

2016 मध्ये सासूबाई गेल्या. पुढच्या वर्षी असाच घटस्थापनेआधी दसरा काढताना मी ह्यांना म्हटलं, आता मात्र ही उघडायची. भाच्याला बोलावलं. त्यानं पक्कड लावली, कुलूप हललं नाही, पण गंजलेली कडीच तुकडा होऊन हातात आली. घरातले सगळे गोल करून बसलेले. जाऊ मुद्दाम दोन बस बदलून आली होती.

झाकण उघडलं आणि आधी वास आला. ओल्या, जुन्या मातीचा. आत तळाला चिकटलेला वर्तमानपत्राचा कागद, आणि पत्र्याला आतून एक तपकिरी रेघ, चारी बाजूंनी सरळ, जणू पट्टी लावून ओढलेली. दोन लुगडी निघाली, हात लावला तर घडीवर फाटली. चार पितळी डबे. पोराची पाटी, फ्रेम निसटलेली. एक पानाचा डबा. एक तांब्या. आणि वरवंटा. खरोखरचा, दगडाचा, काळाकुळकुळीत वरवंटा! हमाल बिचारा बरोबर बोलला होता. बत्तीस वर्षांत आम्ही दोनदा त्या दगडाचं भाडं भरलं होतं. पाटा मात्र नाही, नुसता वरवंटा.

जाऊ म्हणाली, "आणि पैठण्या?"

मी तो तांब्या उजेडात धरला. पूर्वी भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, आठवतंय ना? ठोक्या-ठोक्यानं टिंबं पाडून. तांब्याच्या गळ्याखाली नाव होतं, आणि ते आमच्या घराण्यातलं नव्हतंच. आडनाव सांगत नाही, पण आमच्या सात पिढ्यांत त्या आडनावाचं कुणी नाही. डबे पाहिले, डब्यांवरही तेच नाव.

म्हणजे जिला मी झालर लावली ती ट्रंक आमची नव्हतीच!

मग सासवडला आमच्या चुलतसासूबाईंना फोन केला. तेव्हा त्या ब्याऐंशी वर्षांच्या, पण आठवण लख्ख. त्या म्हणाल्या, "अगं, ती पुराची ट्रंक!" 12 जुलै 1961. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. लकडी पूल पाण्याखाली, शनिवार-नारायण पेठेत वाडेच्या वाडे बसले. भवानी पेठेपर्यंत पाणी आलं नाही, म्हणून नदीकाठची माणसं, जी काही ओळख असेल तिच्यावर, आमच्या वाड्यात आली. पंधरा-वीस माणसं कित्येक दिवस जेवायला होती म्हणे. त्यांतल्याच एक बाई चिखलातून हाताला लागलं ते ट्रंकेत भरून आल्या आणि म्हणाल्या, "आठ दिवस ठेवा, घर लागलं की नेते." आत जी तपकिरी रेघ होती ना, ती पुराच्या पाण्याची.

मी विचारलं, "मग आईंनी आम्हाला कधी सांगितलं कसं नाही?" चुलतसासूबाई म्हणाल्या, "तिला तरी कुठं माहीत होतं? तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. ट्रंक ठेवून घेतली तिच्या सासूनं. तिनं विचारलं असेल, तर सासू म्हणाली असेल, असू दे."

ऐकलंत? 'असू दे' वारसाहक्कानं आलं. दागिने नाही आले, ते आलं.

पण गोष्ट संपली नाही. ओळखीतून ओळख काढत त्या घराची सूनबाई मला सापडली, त्याही सत्तरीच्या. फोन केला, सगळं सांगितलं. त्यांना भरून आलं. "अहो, तुम्ही एवढी वर्षं सांभाळलीत? अशी माणसं राहिली नाहीत हो." मला जरा बरं वाटलं. मी म्हटलं, "काकू, कधी येताय न्यायला?" पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "आमच्याकडे जागाच नाही हो. पण टाकू बिकू नका हं. येते मी, आठ दिवसांत."

आठ दिवसांत!

बोलता बोलता निम्मा वेळ ट्रंकेनं खाल्ला. तिला सवयच आहे जागा खायची. स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपत आली म्हणून मला हात दाखवतायत, तेव्हा कामाचं भराभर सांगते.

दसरा एका दिवसात काढू नका. रोज एक खण. ड्रॉवर म्हणा हवं तर. रोज एक, त्याहून जास्त नाही. कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंतच्या वेळात तो उरकतो. सगळं घर एकदम काढलंत तर संध्याकाळी पलंगावर झोपायला जागा नसते, आणि दमलेलं माणूस सगळ्याला असू दे म्हणतं. आणि सुरुवात स्वतःच्या खणापासून करा. नवऱ्याच्या स्क्रूंच्या डब्याला पहिल्याच दिवशी हात घातलात तर दसरा बाजूला राहील आणि शिमगा होईल.

मी पहिला खण काढला तर त्यात माझ्या वडिलांचं रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक मिळालं. हो, रेडिओ ऐकायला तेव्हा पोस्टात फी भरावी लागायची. पैसे मोजून ऐकायचे, म्हणून कान देऊन ऐकायचे, असं माझं मत. तुम्ही आत्ता मला ऐकता ऐकता मोबाईल बघताय, मला माहीत आहे. तर ते पुस्तक मी ठेवलं. ठेवण्यासारखं ठेवायचंच. पण ते मी हातात घेतलं, पाहिलं, ठरवलं आणि ठेवलं. नुसतं असू दे म्हणून नाही.

टाकायचं काय, हे ठरत नसेल तर बोहारीण आठवा. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी. ती साडी उजेडात धरायची, काठ ओढून बघायची, विरलेली असली की बाजूला. पाच साड्यांवर एक पातेलं, आणि वर एक शर्ट हवाच. तिच्याइतकी चोख पारख कुणाचीच नाही. तेव्हा वस्तू हातात घ्या आणि विचारा, बोहारीण घेईल का? घेईल, तर ती कुणाच्या तरी उपयोगाची आहे, देऊन टाका. नाही घेणार, तर ती तुम्ही तरी का ठेवलीत? आणि कृपा करून विरलेले, बटणं तुटलेले कपडे पूरग्रस्तांसाठी म्हणून पाठवू नका. ज्याचं घर गेलंय त्याच्या दारात आपला माळा रिकामा करायचा, याला दान म्हणत नाहीत.

रद्दी रद्दीवाल्याला, पत्रा-लोखंड भंगारवाल्याला. बंद मोबाईल, जुने चार्जर, सेल कचऱ्याच्या बादलीत नकोत, ई-कचरा वेगळा द्यायचा. पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरचा कचरा उचलते. दारात येणाऱ्या ताईंनाच विचारा काय कुठं द्यायचं. त्यांना आपल्या घराची आपल्याहून जास्त माहिती असते.

आता नळ बंद करायचं सांगते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात काही अर्थ नाही. आमच्या कॅलेंडरच्या पानावर मी दुधाचे खाडे लिहिते. त्याच पानावर आता काय घ्यावंसं वाटलं तेही लिहिते, तारखेसकट. घ्यायचं महिन्यानं. यंदा मार्चच्या पानावर होतं: एअर फ्रायर, बाल्कनीतला झोपाळा, नॉनस्टिक कढई (तिसरी), पोळपाटाचा पाय मोडलाय. एप्रिलमध्ये पान उलटताना वाचलं, तर पहिल्या तिन्हींचं मलाच हसू आलं. पोळपाट तेवढा आणला. पूर्वी महिन्याची वाण्याची यादी असायची, एकच. लिहिताना खोडाखोड व्हायची आणि त्या खोडण्यातच पैसे वाचायचे. आता मोहरी संपली की दहा मिनिटांत दारात, आणि मोहरीबरोबर आणखी चार गोष्टी, कारण घरपोच फुकट मिळायला बिल तेवढं व्हावं लागतं. मोहरीपायी बिस्किटं! महिन्यानं घ्यायचं. पुन्हा सांगते, लिहायचं आज, घ्यायचं महिन्यानं.

आणि बायकांनो, संक्रांतीचं वाण. रागावू नका. पण दर जानेवारीत दहा घरच्या हळदीकुंकवाला जाऊन दहा प्लॅस्टिकच्या वाट्या आपण घरी आणतो, आणि आपल्या दहा वाट्या दहा घरी पोचवतो. म्हणजे पसारा एकमेकींना वाटतो, तोही हळदकुंकू लावून. मी तीन वर्षं झाली, वाण म्हणून भाजी लुटते. मेथीची जुडी, नाहीतर पावशेर मटार. पहिल्या वर्षी शेजारणीनं तोंड वाकडं केलं. आता ती संक्रांतीच्या दिवशी भाजी आणतच नाही.

हो, ट्रंकेचं सांगायचं राहिलं. काकू काही आल्या नाहीत. दोन महिन्यांनी त्यांचा नातू स्कूटरवर आला. तांब्या हातात घेतला, त्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा राहिला. तेवढाच नेला. जाताना म्हणाला, "काकू, बाकीचं तुम्ही बघा." डबे मोडीत घातले, पैसे त्याच्या आजीकडे पोचवले, त्यांनी ते नको नको म्हणत घेतले. ट्रंक भंगारवाल्यानं काट्याला लावली. बेडरूमचा कोपरा मोकळा झाला, मांजर मात्र दोन दिवस तिथंच येऊन ओरडत होतं.

वरवंटा भंगारवाल्यानं परत दिला. म्हणाला, "बाई, दगड कोण घेतो?" तो ओट्याखाली आहे अजून. पाटा काही आमच्याकडे नाही, पण कधी मिळाला तर मिक्सरपेक्षा पाट्यावरची चटणी केव्हाही चांगली लागते.

तेव्हा, असू दे. नमस्कार.