घरच्या व्हिडिओंची डिस्क : सॉफ्टवेअर पारखायचं कसं?

मित्रहो,

घरच्या व्हिडिओंची डीव्हीडी डिस्क करून देणारी सॉफ्टवेअर ढीगभर आहेत, आणि बहुतेकांचा सूर एकच असतो : फाइल ओढून आणा, बटण दाबा, डिस्क तयार. ते बटण दाबल्यावर आत काय घडतं, ते आज मला सांगायचं आहे. बाळाची पहिली पावलं, आज नसलेल्या माणसाचा आवाज, यांचं चित्रीकरण दुसऱ्यांदा करता येत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडताना मेनूच्या देखण्या नमुन्यांकडे नंतर बघू. ते तुमच्या चित्राला किती हात लावतं आणि हात लावण्याआधी तुम्हाला विचारतं का, हे आधी बघायचं.

यात खरं तर तीन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं रूपांतर, म्हणजे तुमची फाइल डिस्कला चालेल अशा स्वरूपात एन्कोड करणं. दुसरं ऑथरिंग, म्हणजे त्या फाइलींना मेनू, प्रकरणं आणि बटणं यांत गुंफणं. तिसरं बर्निंग, म्हणजे ते सगळं डिस्कवर लिहिणं. सगळं एकाच खिडकीत करणारं सॉफ्टवेअर सोयीचं वाटतं खरं, पण टीव्हीवर चित्र थरथरलं की दोष तिघांपैकी कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून निदान चाचणी घेताना तरी ही कामं वेगळी ठेवा. ऑथरिंगनंतर थेट डिस्क न लिहिता फोल्डर किंवा आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एकाच फाइलीतली प्रत) तयार करू देतं का, हा मी प्रत्येक सॉफ्टवेअरला विचारतो तो पहिला प्रश्न. तयार झालेली आयएसओ व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडायची, मेनू फिरून बघायचा, आणि मगच डिस्क आत घालायची.

आता डिस्कच्या अटी बघू. डीव्हीडी-व्हिडिओ हे 1996 सालचं स्वरूप आहे आणि त्याचे नियम ताठ आहेत. चित्र एमपेग पद्धतीनं दाबलेलं हवं, बहुधा एमपेग-2 (नियमांत एमपेग-1 ही बसतं). पाल या भारतातल्या टीव्ही-पद्धतीत ते पूर्ण आकारात 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम, अमेरिका-जपानमधल्या एनटीएससीत 720 बाय 480 आणि 29.97 फ्रेम. चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारे बिट, 9.8 मेगाबिटच्या वर जाता कामा नये. आवाज, सबटायटल सगळं धरून मर्यादा 10.08. मोबाइलमधली एमपी4 फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर ती डेटा डिस्क होते. संगणक ती वाचतो, पण दिवाणखान्यातला जुना प्लेअर मख्ख बसून राहतो. त्याला ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर लागतो. त्यात व्हीओबी फाइलींत चित्र-आवाज असतो, आयएफओ फाइलींत कुठून कुठे जायचं याची माहिती असते आणि बीयूपी ही त्या माहितीची दुसरी प्रत असते. एक व्हीओबी फाइल एक जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, त्यामुळे तासाभराचा कार्यक्रम अनेक फाइलींत तुटलेला दिसतो. ही तोड प्रसंग बघून होत नाही, नुसत्या आकारावर होते. जुन्या डिस्कवरून एकेक व्हीओबी सुटी उचलून रूपांतर करू नका असं मी म्हणतो ते याच कारणाने : जोडावर आवाज अडखळतो. आयएफओ वाचून अख्खं टायटल, म्हणजे सलग कार्यक्रम, उचलणारं सॉफ्टवेअर वापरा.

चाचणीसाठी एक तुकडा तयार करा. दोन-तीन मिनिटं पुरे, पण तो तुमच्या संग्रहातला सगळ्यात अवघड हवा. सॉफ्टवेअर बनवणारे नमुन्याला शांत समुद्र आणि फुलं दाखवतात. तिथे कुठलाही एन्कोडर पास होतो. तुमच्या तुकड्यात एक तरी वेगवान हालचाल हवी, कॅमेरा आडवा सरकतानाचं एक दृश्य हवं, अंधुक उजेडातलं काहीतरी हवं, आणि सुरुवातीला व शेवटी एकेक टाळी हवी. टाळीत हात एकमेकांना टेकल्याची फ्रेम आणि आवाज एकत्र येतात का, हे डोळ्यांनी आणि कानांनी लगेच कळतं. पहिली टाळी जुळली आणि शेवटची सुटली तर आवाज हळूहळू सरकतोय. मोबाइलच्या चित्रीकरणात हे हमखास होतं, कारण मोबाइल सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला की फ्रेमही कमी होतात. पाल डीव्हीडीला मात्र काटेकोर 25 लागतात. चांगलं सॉफ्टवेअर हे ओळखतं आणि वेळेचा हिशेब ठेवून फ्रेम वाढवतं किंवा वगळतं. सामान्य सॉफ्टवेअर फ्रेमा नुसत्या मोजत जातं आणि लांब कार्यक्रमात ओठ पुढे, शब्द मागे अशी गत होते. एवढ्याशा तुकड्यात हा फरक बारीक दिसेल, म्हणून या एका परीक्षेसाठी अर्ध्या तासाची एक फाइल वेगळी चालवून बघा.

हालचालीच्या दृश्याकडे जरा जवळून बघू, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त डिस्क इथे बिघडतात. जुन्या कॅमकॉर्डरचं चित्र इंटरलेस्ड असतं. एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम ओळी, आणि दोन्ही टिपले जाण्यात पालमध्ये एक पन्नासांश सेकंदाचं अंतर. आधी कुठलं फील्ड दाखवायचं याचा क्रम कॅमेऱ्यागणिक बदलतो. डीव्ही टेपवर खालचं फील्ड आधी असतं, एचडी कॅमेऱ्यांत बहुधा वरचं. सॉफ्टवेअरनं हा क्रम उलटा धरला तर झोक्यावरच्या मुलाचं काय होतं बघा : झोका पुढे येताना दर फ्रेमला जरासा मागे जातो आणि पुन्हा पुढे येतो. बसलेल्या माणसांच्या दृश्यात काहीही दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावरही हा दोष लपतो, कारण तिथला प्लेअर पुष्कळदा दोन फील्ड एकमेकांत मिसळून दाखवतो. टीव्हीवर लावलं की झोका थरथरतो. काही सॉफ्टवेअर हा प्रश्नच टाळतात आणि न विचारता डीइंटरलेस करून टाकतात, म्हणजे दोन फील्डांची एकच फ्रेम बनवतात. त्यात अर्धी हालचाल कायमची जाते. पन्नास टप्प्यांत टिपलेला झोका पंचवीस टप्प्यांत उरतो. डीव्हीडीला इंटरलेस्ड चित्र चालतं, तेच तिचं मूळ स्वरूप आहे, तेव्हा डीव्हीडीवरून डीव्हीडीवर जाताना डीइंटरलेस करायला काही कारणच नाही. फील्डचा क्रम निवडायची सोय कुठे सापडली नाही, तर मी त्या सॉफ्टवेअरवर पुढे वेळ घालवत नाही.

आता काही नावं घेतो. डीव्हीडीस्टाइलर हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. मेनू, बटणं, प्रकरणं सगळं त्यात करता येतं, आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे व्हिडिओच्या गुणधर्मांत असलेला ‘कॉपी’ हा पर्याय. फाइल आधीच डीव्हीडीच्या नियमांत बसत असेल तर ती पुन्हा एन्कोड न करता तशीच आत घेतली जाते. प्रत्येक एन्कोडिंगमध्ये चित्र थोडं झिजतं आणि ती झीज भरून येत नाही, म्हणून या एका पर्यायाचं मोल शंभर मेनू-नमुन्यांहून जास्त. रूपांतरासाठी एफएफएमपेग. त्याला खिडकी नाही, आज्ञा टंकाव्या लागतात, पण ‘टार्गेट’पुढे ‘पाल-डीव्हीडी’ लिहिलं की आकार, फ्रेम, आवाज सगळं नियमाप्रमाणे बसतं. मात्र चित्र इंटरलेस्ड असल्याचं त्याला वेगळं सांगावं लागतं, नाहीतर ते प्रोग्रेसिव्ह, म्हणजे अखंड फ्रेमांचं, धरून चालतं. डीव्हीडीऑथर हा ऑथरिंगचा जुना, भरवशाचा कार्यक्रम. विंडोजवर बर्न करायला इमगबर्न आणि लिनक्सवर के3बी.

एक सावधगिरी. या क्षेत्रातली मोठी नावं निवृत्त होत गेली आहेत. ॲडोबीच्या एन्कोरची सीएस6 नंतर नवी आवृत्ती आली नाही, विंडोज 7 मध्ये असलेला डीव्हीडी मेकर विंडोज 8 मध्ये नव्हता. ज्यांनी फक्त प्रकल्पाची फाइल जपली त्यांच्या हातात आज न उघडणारी फाइल आहे. मूळ चित्रीकरण आणि शेवटची आयएसओ या दोन गोष्टी जपा. सॉफ्टवेअरची चाचणी-आवृत्ती वापरणार असाल तर ती चित्रावर स्वतःचं नाव उमटवते का, हे तुमच्या छोट्या तुकड्यावरच आधी बघून घ्या. इन्स्टॉल करताना खूण केलेली प्रत्येक चौकट वाचा. नको असलेल्या गोष्टी तिथूनच आत येतात.

बिटरेटचा हिशेब कुणी कागदावर करत नाही, पण तो दोन ओळींचा आहे. एकथरी डिस्कवर 4.7 अब्ज बाइट मावतात. संगणक ते 4.37 जीबी दाखवतो, कारण तो 1024 च्या पटीत मोजतो. त्याचे बिट केले आणि दोन तासांच्या 7200 सेकंदांनी भागले की सेकंदाला सुमारे 5.2 मेगाबिट मिळतात. त्यातून आवाज आणि थोडी मोकळी जागा वजा केली की चित्राला पावणेपाचच्या आसपास उरतात. चांगल्या एन्कोडरच्या दोन फेऱ्यांत (पहिलीत चित्र तपासायचं, दुसरीत दाबायचं) एवढ्यात दोन तास छान बसतात. तासाभराचाच कार्यक्रम असेल तर हिशेब दहाच्या पुढे जातो, पण तेवढं घेऊ नका. घरी लिहिलेल्या डिस्कवर एकूण बिटरेट आठच्या आत ठेवला की जुने प्लेअर अडखळत नाहीत. तीन तास कोंबायचेच असतील तर चित्र 352 बाय 576 करा. तेही नियमात बसतं, आणि चौकोनी ठिपक्यांनी भरलेल्या पूर्ण आकारापेक्षा बरं दिसतं. आवाज एसी-3 या दाबलेल्या स्वरूपात 192 किलोबिटला ठेवला तर न दाबलेल्या पीसीएमच्या 1536 च्या तुलनेत त्याला आठवा हिस्साच जागा लागते आणि वाचलेली चित्राला मिळते. ‘डिस्कवर बसवा’ असं एकच बटण देऊन आत किती बिटरेट धरला ते न सांगणारी सॉफ्टवेअर मला पटत नाहीत.

मेनूबद्दल थोडक्यात. बटण रिमोटवरच्या बाणांनी निवडायचं असतं, म्हणून कुठल्या बटणावरून कुठला बाण कुठे नेतो ते एकदा स्वतः फिरून तपासा. अक्षरं कडेला नेऊ नका. जुने टीव्ही कडा कापतात, मधल्या 80 टक्के भागात मजकूर सुरक्षित राहतो. प्रकरणाची खूण हव्या त्याच फ्रेमवर पडेल असं नाही, ती पूर्ण फ्रेम (शेजारच्या फ्रेमवर न विसंबता साठवलेली) असलेल्या जागीच पडते. पालमध्ये अशा दोन जागांत जास्तीत जास्त 15 फ्रेम, म्हणजे 0.6 सेकंद अंतर असतं. आणि देवनागरी. डीव्हीडीवरची सबटायटल म्हणजे अक्षरं नसतातच, ती छोटी चित्रं असतात. अक्षरांचं चित्र करण्याचं काम सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर करतं. जोडाक्षरं जुळवता न येणारं सॉफ्टवेअर ‘मित्र’मधली वेलांटी म नंतर टाकतं आणि त्र फोडून त आणि र वेगळे करतं. फॉन्ट बदलून हे सुटत नाही. चाचणीच्या तुकड्यात ‘शक्ती’, ‘मित्र’, ‘कार्यक्रम’ असे दोन-चार शब्द घाला. अक्षरं मोडली तर मेनूचा मजकूर चित्र म्हणून दुसरीकडे तयार करून पार्श्वभूमीला लावा.

उलटा प्रवास, म्हणजे जुन्या डिस्कवरून फाइल करणं, आता जास्त निकडीचा झाला आहे. एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कवरचा थर सेंद्रिय रंगद्रव्याचा असतो, तो उन्हात आणि उकाड्यात बिघडतो. आधी अख्ख्या डिस्कची आयएसओ काढा. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू पुन्हापुन्हा वाचून मिळेल तेवढं वाचवतं. मग मेकएमकेव्ही चित्राला हात न लावता ते एमकेव्ही फाइलीत काढतं. हँडब्रेक छान आहे, पण ते नेहमीच पुन्हा एन्कोड करतं, म्हणून ते बघण्याच्या प्रतीसाठी वापरा, जपण्याच्या प्रतीसाठी नको. बघण्याच्या प्रतीत मात्र डीइंटरलेस करावंच लागतं, नाहीतर मोबाइलवर हलत्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. करताना सेकंदाला 50 फ्रेम काढणारा पर्याय निवडा, म्हणजे मूळची हालचाल शाबूत राहते.

आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर चित्रीकरण करणारे कॅमेरे काही वर्षं चालले. त्या 1.4 जीबीच्या डिस्क कॅमेऱ्यातच फायनलाइज, म्हणजे दुसरीकडे वाचता येतील अशा पूर्ण, कराव्या लागत. तसं झालं नसेल तर संगणक ती डिस्क कोरी असल्याचं सांगतो आणि लोक ती फेकून देतात. कृपा करून फेकू नका. कॅमेरा चालू असेल तर त्यातूनच फायनलाइज करा. बंद पडला असेल तर आयसोबस्टरसारखं सॉफ्टवेअर अशा डिस्कमधूनही चित्रीकरण शोधून काढू शकतं. काही डिस्कवर ‘व्हिडिओ_टीएस’ऐवजी ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ फोल्डर आणि व्हीआरओ फाइल दिसेल. तीही आतून एमपेग-2 च असते.

बर्न करताना पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर काढा आणि ओळखीत असेल त्या सगळ्यात जुन्या प्लेअरवर लावून बघा. मग कोऱ्या डिस्कवर, तिच्या कमाल वेगाच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी वेगाने लिहा आणि इमगबर्नमधली पडताळणी बंद करू नका. लिहिलेलं प्रत्येक बाइट तिथे आयएसओशी ताडून बघितलं जातं. डीव्हीडी प्लस-आर वापरत असाल आणि तुमच्या ड्राइव्हला जमत असेल तर बुकटाइप, म्हणजे डिस्कवरची तिच्या प्रकाराची नोंद, डीव्हीडी-रॉम ठेवा, जुने प्लेअर ती सहज उचलतात. कागदी लेबल चिकटवू नका, त्याने डिस्कचा तोल जातो आणि कालांतराने ती वाकते. डिस्कसाठी मिळणाऱ्या मऊ टोकाच्या मार्करनं लिहा : प्रसंग, तारीख, पाल की एनटीएससी, आणि मूळ फाइल कुठल्या हार्ड डिस्कवर आहे ते.