चाळीस मिलिमीटरचा हिशेब

हा पाना बघा. पुढून वाकडा, आकडीसारखा. हा कॉइलओव्हरच्या, म्हणजे गाडीची उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या सेटच्या, खोक्यातच येतो, जोडीनं. एकानं वरची चकती धरायची, दुसऱ्यानं खालची सोडवायची. माझ्या भाच्यानं गेल्या दिवाळीत सेट बसवला, तेव्हापासून ताईच्या घरी दर रविवारी सकाळी पोह्यांच्या आधी हा पाना बाहेर निघतो.

पत्रिकेत विषय 'मोटारीचं सस्पेन्शन' असा भारदस्त छापलाय. पण येताना मी बाहेर लागलेल्या गाड्या पाहिल्या. एका गाडीच्या टायर आणि मडगार्डच्या मधे माझं बोट शिरलं नाही. तेव्हा पुढच्या दोन रांगांतली तरुण मंडळी कशासाठी आलीत ते मला कळलंय, आणि मागे बसलेले त्यांचे आईवडील का आलेत तेही.

आधी नावाचा घोळ मिटवू. स्प्रिंगच्या पोटात शॉकअप ही रचना तुमच्या साध्या गाडीतही असते. तिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. १९५० सालच्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती होती आणि आज बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच आहे. बाजारातल्या कॉइलओव्हरमध्ये शॉकअपच्या अंगावर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंगची खालची बैठक त्या आट्यांवर वरखाली फिरते. उंची आपल्या हातात आली. शिवाय स्प्रिंग जास्त कडक, आणि डोक्यावर एक खुंटी, ती टकटक फिरवली की शॉकअप नरम किंवा कडक. आपल्या इंदुरी मराठीत 'गाडी लो करवली' की बाकीचं मागोमाग येतं. काय काय येतं, ते फळ्यावर मांडतो.

एक लहान हॅचबॅक घ्या. पुढच्या एका चाकावर ३०० किलो भार धरू. कंपनीची स्प्रिंग २ किलोला १ मिलिमीटर दबणारी. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाच ती १५० मिलिमीटर दबलेली आहे. बॉनेट दाबून सोडलं तर ही गाडी सेकंदाला साधारण १.३ हेलकावे घेईल. चाकाला वर यायला ८० मिलिमीटर जागा आहे असं समजा. भाच्यानं गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. जागा राहिली ४०. आता स्प्रिंग धक्का किती पचवते ते दबण्याच्या वर्गावर ठरतं. जागा निम्मी झाली की पचवण्याची ताकद पाव होते. तोच खड्डा निम्म्या जागेत पचवायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी, म्हणजे २ ची ८ किलो. आणि चौपट कडक स्प्रिंगवर हेलकावे दुप्पट होतात, १.३ चे २.६.

दुकानदार कडक स्प्रिंग रेसिंगच्या नावावर विकतो. हिशेब असा की गाडी खाली आणली की दुसरा मार्गच उरत नाही. बरेच सेट मधेच कुठेतरी, ५-६ किलोवर थांबतात आणि राहिलेलं काम बंपस्टॉपच्या, म्हणजे चाक पार वर आलं की त्याला अडवणाऱ्या, रबरावर ढकलतात. काही सेटमध्ये खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, त्यानं शॉकअपची चाल शाबूत ठेवून गाडी खाली घेता येते. चांगली सोय आहे. पण मग टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासतो. जागा कुठून तरी जाणारच.

आता मागच्या रांगेतल्यांचा भाग. माणसाचं शरीर उभ्या हादऱ्याला सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ वेळा येणाऱ्या हादऱ्याला. आयएसओ २६३१ हे प्रमाणक याच आधारावर उभं आहे. आपले इंदूरचे सिमेंटचे रस्ते आठवा. अशा रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर एक सांधा असतो. ताशी ८० नं गेलात तर सेकंदाला जवळजवळ ५ सांधे. बरोब्बर त्या हळव्या पट्ट्यात. शॉकअप बाजूला ठेवून निव्वळ स्प्रिंगचा हिशेब केला, तर १.३ ची गाडी त्या ५ च्या हादऱ्यातला चौदावा हिस्सा वर पोचवते. २.६ ची गाडी एक तृतीयांशाहून जास्त. पाचपट! भाचा म्हणतो, 'मामा, थोडी स्टिफ झालीय.' ताई म्हणते, 'माझ्या पोटात ढवळतं रे.' फळा ताईच्या बाजूचा आहे.

आणि ताई मागे बसते, हेही महत्त्वाचं. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळानं. मागची स्प्रिंग पुढचीपेक्षा जरा चपळ ठेवली, तर मागचा हेलकावा पुढच्याला गाठतो आणि गाडी नाक-शेपूट न करता सपाट वरखाली होते. मॉरिस ओली नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १९३० च्या दशकात कॅडिलॅकमध्ये हे प्रयोगानं दाखवून दिलं. बाजारातला एखादा सेट पुढे दणकट आणि मागे बेताचा निघाला की हे गणित उलटं होतं आणि मागे बसणाऱ्याची मान डोलत राहते. त्याच दशकातलं आपलं घरचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. होळकर महाराजांनी १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीचा स्पीडस्टर घेतला, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. पुढे-मागे अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा, म्हणजे आपल्या ट्रकचीच जात. पण गाडी लांबलचक आणि दोन टनांहून जड, त्या वजनापुढे रस्त्याचं फारसं चालत नसणार. आपल्या हॅचबॅककडे ते वजन नाही.

बरं, मग कॉइलओव्हरचा फायदा काहीच नाही का? आहे. महूहून जामगेटकडे गुळगुळीत डांबरावर मी भाच्याची गाडी चालवली आहे. स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं, ब्रेक दाबला की पुढे झुकत नाही, वळणात अंग टाकत नाही. खोटं का बोलू, मजा आली. पण अंग टाकत नाही म्हणजे पकड वाढली, हा गैरसमज. वळणात आतल्या चाकावरचं किती वजन बाहेरच्या चाकावर जाणार, ते गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, चाकं किती रुंद आणि तुम्ही किती जोरात वळता, यावर ठरतं. स्प्रिंग कडक केल्यानं ते एकूण वजन कमी होत नाही. गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटरवर असेल आणि तुम्ही ४० नं खाली आणला, तर फायदा सात टक्के. आणि मॅकफर्सनवाल्या गाडीत त्यातलाही हिस्सा परत जातो. चाकाला खालून धरणारा दांडा, म्हणजे लोअर आर्म, मुळात चाकाकडे उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होतो, कधी उलटा चढतो. त्यामुळे गाडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, आणि मधलं अंतर वाढल्यानं गाडीला कलंडायला उलट जास्त जोर मिळतो. तो दाबायला पुन्हा कडक स्प्रिंग. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की आपोआप थोडं वळतं. शर्यतवाले बॉल जॉइंट बदलून हे सरळ करतात. आपल्याकडचे किती करतात?

आणि रस्ता खडबडीत असेल तर? तिथे पकड म्हणजे टायरवरचा भार एकसारखा राहणं. कडक स्प्रिंगचं चाक खड्ड्यावरून उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड नसते. १९६२ ची लोटस एलान ही इंग्रजी स्पोर्ट्स कार नरम स्प्रिंग आणि शिस्तीचे शॉकअप घेऊन वळणात भल्याभल्यांना मागे टाकत होती. म्हणजे एका मर्यादेपर्यंत आराम आणि पकड दोन्ही एकाच गोष्टीतून येतात: चाकाला हलायला जागा असणं आणि त्याला आवर घालणारा चांगला शॉकअप असणं. ती मर्यादा ओलांडली की आराम जातो, बदल्यात काही मिळत नाही. आपल्या रस्त्यांवर ती फार लवकर ओलांडली जाते, असं माझं मत आहे.

शॉकअपच्या खुंटीबद्दल दोन शब्द. स्वस्त सेटमध्ये ३२ टकटक लिहिलेल्या असतात. मुलं सगळ्या कडक करून टाकतात. शॉकअप परत उघडताना फार अडवायला लागला की टोलनाक्याआधीच्या रंबल पट्ट्यांवर गंमत बघा. पहिल्या पट्टीवर दबलेली स्प्रिंग उघडायच्या आत दुसरी येते, मग तिसरी. गाडी पायरी पायरीनं खाली बसत जाते आणि पाचव्या पट्टीला बंपस्टॉपवर टेकते. लोक म्हणतात स्प्रिंग हार्ड आहे. स्प्रिंग बिचारी उघडायला वेळ मागत असते.

दुसरा प्रकार म्हणजे 'साहेब, स्प्रिंग थोडी टाइट करून देतो.' बैठक वर फिरवल्यानं सरळ स्प्रिंग कडक होत नाही. २ किलोची २ किलोचीच राहते, गाडी फक्त वर येते. मीही शहाणा नव्हतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, पिथमपूरला बसनं जायचो तेव्हा, एक जुनी गाडी घेतली आणि ग्राइंडरनं स्प्रिंगचा एक वेढा कापला. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, एवढं शिकलो होतो. राऊच्या पुढे पंक्चर झालं, जॅक लावला, आणि चाक लोंबकळताच आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून सुटून बाजूला आली. रस्त्यावर बसून हातानं परत बसवली. वडिलांना आजतागायत सांगितलं नव्हतं, ते आज इथेच बसलेत.

भाच्याच्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. शॉकअपच्या दांड्यावरचं रबरी कव्हर वर सरकवून मी तिथे एक प्लॅस्टिकची झिपटाय बांधली, अगदी खाली टेकवून. शॉकअप दबला की ती दांड्यावर वर सरकते आणि तिथेच राहते, म्हणजे किती जागा वापरली ते दिसतं. सुदामानगर ते राजवाडा आणि परत, मागे ताई आणि तिची जाऊ. ब्रेकर किती लागले ते मोजायच्या भानगडीत पडलो नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात ब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, ताशी २५ नं आरामात ओलांडता यावा असा. कॉलनीतले ब्रेकर कोणी बांधले ते कॉलनीलाच ठाऊक. घरी येऊन कव्हर वर केलं तर झिपटाय बंपस्टॉपच्या रबरात रुतून बसली होती. म्हणजे त्या फेरीत गाडी निदान एकदा तरी स्प्रिंगवरून उतरून रबरावर आदळली होती. भाचा बराच वेळ खाली वाकून बघत राहिला.

टायर तर आधीच आतल्या कडेनं तारेपर्यंत झिजले होते. ज्या दुकानात सेट बसवला तिथे अलाइनमेंट करून दिलं नाही, 'चालवून सेट होऊ द्या' म्हणाले. उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) दोन्ही बदलतात, हे तिथे कोणी बोललं नाही. वरचं रबरी माउंटिंग काढून लोखंडी गोळ्याचं घातलं होतं, त्याची खटखट वेगळीच. मला तर वाटतं की आवाजाचा निम्मा त्रास त्याचाच. आणि विमा कंपनीला कळवलंय का, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं, हे सगळं त्या रविवारी पहिल्यांदा निघालं.

नॅट्रॅक्स, म्हणजे गाड्यांच्या चाचणीचं केंद्र, म्हटलं की आपल्याला पिथमपूरचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आठवतो, २०२१ मध्ये उघडला तो. त्याच आवारात कम्फर्ट ट्रॅकही आहे. मुद्दाम वाईट केलेले रस्ते. अशा रस्त्यांवर कंपन्यांची माणसं महिनोन् महिने एकेका बुशचं (सस्पेन्शनच्या सांध्यातल्या नळीचं) रबर बदलत गाडी चालवतात. ते जे ठरवतात त्यात हिशेबनिसाचा हात असतो, मान्य. स्वस्तातला शॉकअप घातला जातो, तेही मान्य. म्हणून चांगला शॉकअप घ्या, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीला झुकू न देणारा दांडा) घ्या, चांगले टायर घ्या. कॉइलओव्हर घ्यायचाच तर गाडी १५-२० मिलिमीटरहून खाली नेऊ नका.

प्रश्न आलाय की माझ्या स्वतःच्या गाडीत काय आहे. कंपनीच्या स्प्रिंगा, नवे शॉकअप, नवे बुश. बुश साठ हजार किलोमीटरला फाटले होते आणि मी वर्षभर स्टिअरिंगला दोष देत होतो.

भाच्याच्या गाडीत सेट अजून आहे. फिरवून फिरवून शेवटी १५ मिलिमीटरवर आणला, खुंटी मधोमध. झिपटाय आता बंपस्टॉपच्या बोटभर अलीकडे थांबते. पुढच्या दोन्ही शॉकअपच्या आट्यांवर ताईनं लाल नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवलीय, बैठक त्याखाली न्यायची नाही. हा पानाही आता तिच्याच कपाटात असतो. आज मागून आणलाय, रात्री परत द्यायचाय.