खाऱ्या वाऱ्यातील पत्रा

बोगमाळो येथील नौदलाच्या विमान संग्रहालयात निवृत्त विमाने उघड्या आवारात उभी आहेत. गोव्यात घरी लहान विमान बांधू पाहणाऱ्याने ॲल्युमिनियमचा पत्रा मागवण्यापूर्वी येथे जरूर यावे आणि पंखांच्या डौलापेक्षा रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळ्यांच्या) रांगा व एकमेकांवर चढलेल्या पत्र्यांचे सांधे अधिक वेळ न्याहाळावेत. कारण खारी ओल मुरते ती तिथेच.

शुद्ध ॲल्युमिनियम सहसा गंजत नाही, पण ते मऊ असते. तांबे आणि मॅग्नेशियम मिसळून तापवलेला व पाण्यात झटकन निववलेला धातू नुसता ठेवला तरी काही दिवसांत आपोआप कठीण होतो, हे १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड व्हिल्म यांना आढळले. त्याच कुळातला २०२४-टी३ हा मिश्रधातू (२०२४ हा मिश्रणाचा क्रमांक, टी३ ही तो कठीण करण्याची पद्धत) सुमारे ४८० मेगापास्कल ताण पेलतो आणि वारंवार पडणारा भारही उत्तम सोसतो. मात्र ज्या तांब्याने त्याला बळ दिले, तेच खाऱ्या पाण्यात त्याला आतून पोखरू लागते. म्हणून त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. पण कापलेली कड आणि रिव्हेटसाठी पाडलेले छिद्र या थराबाहेरच राहते.

१९८८ साली हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोईंग ७३७ विमानाचे छत हवेतच उडाले आणि एका विमानसेविकेचा जीव गेला. त्यामागे सुटलेले सांधे, गंज आणि असंख्य छोट्या फेऱ्यांनी थकलेला पत्रा होता. तिथली हवाही आपल्यासारखीच खारी.

दुसरा पर्याय ६०६१-टी६ हा मिश्रधातू. त्यात ॲल्युमिनियमसोबत मुख्यतः मॅग्नेशियम व सिलिकॉन असते. त्याची ताकद सुमारे ३१० मेगापास्कल, म्हणजे बरीच कमी. तरीही किनाऱ्यावरच्या विमानासाठी आमचा कल त्याच्याकडे आहे, आणि झेनिथ या कंपनीची घरी बांधली जाणारी विमाने प्रामुख्याने त्याचीच असतात. परंतु आराखड्यात २०२४ लिहिले असेल, तर त्याच जाडीचा ६०६१ कदापि वापरू नये, कारण स्पारचे, म्हणजे पंखातल्या मुख्य तुळईचे, सारे गणित मूळ धातूच्या ताकदीवर बेतलेले असते. ६०६१ ला वेल्डिंग करता येते, मात्र टी६ पद्धतीने मिळालेली ताकद सांध्याजवळ उष्णतेने घटते, म्हणून भार वाहणारे भाग रिव्हेटनेच जोडलेले बरे. इंधनाच्या टाकीला ५०५२ हा मिश्रधातू योग्य.

धातू कोणताही असो, दोन पत्रे जोडण्यापूर्वी दोघांच्याही आतल्या बाजूंना प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा अस्तराचा रंग, लावावा आणि तो पुरता सुकू द्यावा. जुलैच्या दमट हवेत त्याला वेळ लागतो. तोवर रिव्हेट मारू नये.