आवाज ओळखा, काम सांगा

(दृश्य: पूर्व भागातला एक बोळ, संध्याकाळ. मंडळाचा मांडव, खाली सतरंज्या, समोर पडदा.)

सोलापूरचा पूर्व भाग. गणपतीचा पाचवा दिवस. एरवी या दिवसांत शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं. आज मांडवात शंभरावर माणसं बसली आहेत, आणि समईची वात चुरचुरते तीसुद्धा मागच्या रांगेत ऐकू जाते.

पडद्यामागे एक छोटा स्पीकर, एक मोबाईल आणि एक वही आहे. वहीत बारा आवाज लिहिलेत. प्रत्येक आवाज पाच सेकंद वाजणार, दोनदा. ज्याला ओळखला त्यानं हात वर करायचा.

(ध्वनी: कच्... कच्... कच्.)

पोरांचे हात आधी वर जातात. “कात्री!” बरोबर, म्हणून एक गुण. दुसरा गुण हवा असेल तर त्या कात्रीनं काय चाललंय ते सांगावं लागतं. एकजण म्हणतो शिंपी. दुसरा म्हणतो न्हावी. मागून एक आजी उभ्या राहतात.

“पान ओलं हाय. बिडीचं पान कापायलेत.”

दोन गुण.

(दृश्य: घराचा उंबरा, मांडीवर सूप, तेंदूची पानं.)

तेंदूचं पान कोरडं कापलं तर तडकतं. म्हणून ते भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, मग त्यावर पत्र्याचा चौकोनी साचा धरून कात्री फिरवायची. ओलं पान कागदासारखं करकरत नाही, त्याचा आवाज जरा दबका येतो. पुढं तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं यात बोटंच चालतात, आवाज जवळजवळ नाहीच. सोलापुरात हजारो बाया हे काम घरी बसून करतात आणि मजुरीचा हिशोब १००० बिड्यांवर होतो. तो कात्रीचा कच् आजींनी आयुष्यभर ऐकलाय. त्यांना पाच सेकंदही लागले नाहीत.

“वस्तू नको, काम सांगा” हा नियमही याच आजींचा. आवाज गोळा करणाऱ्या दोघी, एकमेकींच्या मावसबहिणी, दोघीही कॉलेजात, पहिल्यांदा त्यांच्याकडेच गेल्या होत्या. वहीत नुसतं ‘कात्री’ लिहिलेलं बघून आजी म्हणाल्या होत्या, “कात्री तर सगळ्याच घरात असती की.”

उत्तर कुठल्याही भाषेत चालतं. या बोळात ते चालावंच लागतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कन्नड, पलीकडे उर्दू.

(ध्वनी: थप, थप, थप. मग भराभर, हलकं.)

पुढच्या रांगेतल्या एक काकू हातसुद्धा वर करत नाहीत, थेट बोलतात: “रोट्टी बडियोदु!” भाकरी थापणं. पंचांनी मराठीत विचारलं, कशावरून? काकू हवेतच थापून दाखवतात. गोळा जाड असतो तेव्हा हात जड पडतो, आवाज भरीव येतो. भाकरी पसरत पातळ होत गेली की हात भराभर चालतो आणि आवाज परातीचा यायला लागतो. खाली काय आहे, वर किती पीठ उरलंय, सगळं त्या थपथपीत असतं.

(ध्वनी: सर्रर्र, चुर्रर्र.)

इथे मात्र सगळा मांडव फसला. “पाऊस!” पोरं, बाया, म्हातारे, सगळे एका सुरात. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या गावात माणसं पावसाची वाट किती बघतात, ते या एका उत्तरात कळलं. आवाज होता भज्यांच्या कढईचा. चूक कानाची नाही. पत्र्यावर थेंब आदळतात ते हजारोंनी. तेलात पिठातल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटतात तेही हजारोंनी. बारीक बारीक स्फोट एकात एक मिसळले की त्यातला एक सुटा ऐकू येत नाही, आणि कानाला दोन्हीकडून तोच सर्रर्र मिळतो. दोघी बहिणी म्हणाल्या, झारा कढईच्या काठावर एकदा आपटला असता तर सगळ्यांनी ओळखलं असतं.

आणखी एक फसगत झाली, ती ठरवून केलेली नव्हती. देवळातल्या घंटेचा आवाज मोबाईलवर पाच सेकंदांत बसवताना त्याची सुरुवात कापली गेली. लोकांनी उत्तर दिलं: पेटी. कुणी म्हणालं, बासरी. घंटा कुणालाच ऐकू आली नाही. १९४८ साली फ्रेंच रेडिओतल्या पिएर शेफर या अभियंत्यानं हेच मुद्दाम करून पाहिलं होतं. घंटेच्या रेकॉर्डिंगमधला टोल पडतो तो क्षण काढून टाकला आणि उरलेला नाद ऐकवला, तर घंटा घंटेसारखी वाटेना. कान आवाजाची ओळख पटवतो ती बरीचशी पहिल्या क्षणावर: धातूवर धातू आदळला, की हवा फुंकली गेली, की तार छेडली. तो क्षण गेला की मागे नुसता सूर राहतो.

(दृश्य: रात्र. यंत्रमागाची शेड. एकच दिवा. ओळीनं थांबलेले माग.)

आता सातवा आवाज. हा मिळवायला बहिणींना तीन रात्री लागल्या.

मागाच्या शेडमध्ये आवाजाची काय कमी, असं कुणालाही वाटेल. पण सगळे माग एका वेळी चालू असले की एकच घरघर कानावर येते, त्यातून एका मागाचा आवाज वेगळा निघत नाही. बाकीचे माग थांबवायला हवे होते, आणि माग थांबला की मजुरी थांबते. तिसऱ्या रात्री पाळी बदलताना मालकांनी दोन मिनिटं दिली. सगळे माग बंद, एक चालू.

(ध्वनी: माग. निवेदन थोडा वेळ थांबते.)

नीट ऐका. हा एक आवाज नाही.

ताण्याचे, म्हणजे उभे, काही धागे वर जातात, काही खाली येतात, मध्ये वाट उघडते. हा पहिला आवाज, लोखंडाचा, घसटत येणारा. मग पिकर, म्हणजे मागाच्या कडेचा ठोकळा, धोट्याला ठोसा देतो. हा खट्. धोटा त्या वाटेतून पलीकडे धावतो, पोटातल्या कांडीवरचा बाणा, म्हणजे आडवा धागा, मागे सोडत जातो. ही धाव कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. पलीकडच्या पेटीत तो जाऊन आदळतो. हा दुसरा खट्, पहिल्यापेक्षा बसका. लगेच फणी पुढे येते आणि नवा धागा कापडाला ठोकून बसवते. हा धप्. आणि पुन्हा उलट्या दिशेनं. साध्या मागावर हे सगळं मिनिटाला १०० हून अधिक वेळा होतं.

चादरीचा माग असेल तर याच्यावर आणखी एक आवाज असतो. मान वर करा.

(दृश्य: मागाच्या डोक्यावरचा जेकार्ड. फिरणाऱ्या पुठ्ठ्यांची माळ.)

हा जेकार्ड. पुठ्ठ्याला भोकं पाडलेली आहेत. प्रत्येक पुठ्ठा सुयांच्या रांगेवर येऊन दाबला जातो. भोक असेल तिथली सुई आत शिरते, तिचा हूक उचलला जातो, त्या हुकाला बांधलेले धागे वर जातात. भोक नसेल तिथले धागे खालीच राहतात. एक पुठ्ठा म्हणजे एक बाणा. चादरीवरचा मोर, फूल, किनार, सगळं त्या भोकांत लिहिलेलं असतं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जाकार्ड यानं १८०४ साली हे यंत्र उभं केलं. पुढे गणकयंत्रांनी याच भोकांच्या पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. त्या माणसाचं आडनाव आज पूर्व भागातलं लहान पोरसुद्धा घेतं. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर याच भोकांतून उतरते. पुठ्ठ्यांची माळ एक घर पुढे सरकते तेव्हा वरून येणारा तो खडाक् ऐका.

(दृश्य: पुन्हा मांडव.)

मांडवात हा आवाज वाजला आणि निम्म्याहून जास्त हात वर गेले. “माग!” “मग्गम!” पण पंचांनी बोट केलं ते खांबाला टेकून बसलेल्या एका अण्णांकडे. वय सत्तरीच्या पुढं, ४० वर्षं मागावर काढलेली.

अण्णा म्हणाले, “चादरीचा माग हाय. जेकार्डचा.” थोडं थांबून पुन्हा म्हणाले, “आणि डावीकडचा पिकर झिजलाय. मालकाला सांगा, धोटा उडंल एखाद्या दिवशी.”

मालक मांडवातच होते. ते हसले. दोन गुण द्यायचे की तीन, यावर पंचांचा बराच वेळ गेला.

(ध्वनी: पिप् पिप्. पिप् पिप्.)

आठवा आवाज. मनगटी घड्याळाचा गजर. पोरांचे हात वर. बायांचे हात वर. अण्णा डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात. मग शेजारच्याला विचारतात, “लावला का आवाज?”

(दृश्य: अण्णांचा चेहरा. दहा सेकंद. निवेदन नाही.)

यंत्रमागाच्या शेडमधला आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, आणि गोंगाटात वर्षं काढलेला कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक, उंच आवाज गमावतो.

नववा आवाज शेंगाचटणीच्या उखळीचा होता. दहावा रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारण्याचा, तो वीस वर्षांच्या आतल्या एकालाही आला नाही. कुणी म्हणालं सायकलचा पंप, कुणी म्हणालं फवारणीचा. एका काकांनी पिन मारण्यापासून ज्योत निळी होईपर्यंत सगळं तोंडानं करून दाखवलं. कुणीतरी मागून विचारलं, गिरणीचा भोंगा का नाही घेतला? जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, या गावाची घड्याळं त्या भोंग्यावर लागायची. बहिणींनी शोधला होता. त्यांना कुठे मिळाला नाही.

शेवटी बिडीवाल्या आजींचा गट एका गुणानं जिंकला. बक्षीस होतं स्टीलचा डबा.

(दृश्य: दुसरा दिवस, सकाळ. तीच शेड. उघडा पाना, तेलाचा डबा.)

दुसऱ्या दिवशी मालकांनी अण्णांना बोलावून घेतलं. माग थांबवलेला. डावीकडचा पिकर काढून अण्णांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. धोट्याचं टोक जिथं आदळतं तिथं खळगा पडलाय, अंगठ्याचं टोक बसेल एवढा. मालकांनी अंगठा घालून बघितला. काही बोलले नाहीत.

नवा पिकर बसवला. अण्णांनी धोटा हातानं एकदा सरकवून बघितला, मग बटण दाबलं. दोन-चार फेऱ्या मान खाली घालून ऐकलं आणि हात वर केला: चालू दे.

बहिणींनी बाकीचे माग पुन्हा दोन मिनिटं थांबवून मागितले. या वेळी मालकांनी विचारलंसुद्धा नाही. थोरलीनं मोबाईल मागाजवळ धरला, धाकटीनं वही उघडली. सातव्या ओळीखाली तिनं लिहिलं: चादरीचा माग, पिकर बदलल्यावर.

(ध्वनी: माग.)