चंद्रावर गेलेच नाहीत म्हणणाऱ्यांशी बोलताना

नमस्कार श्रोतेहो.

आकाशदर्शनाचा कार्यक्रम वांगणीला असो नाहीतर गावातल्या शाळेच्या गच्चीवर, दुर्बिणीतून शनीची कडी बघून झाली, चहा झाला, की घोळक्यातून एक प्रश्न हमखास येतो. ''सर, ते सगळं ठीक आहे, पण माणूस चंद्रावर खरंच उतरला होता का हो?'' विचारणारा कधी बारावीचा मुलगा असतो, कधी बँकेतून निवृत्त झालेले काका. काहींना खरोखर जाणून घ्यायचं असतं. काहींचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि त्यांना फक्त तुमची फजिती बघायची असते. आज या दुसऱ्या मंडळींशी कसं बोलावं, याबद्दल बोलणार आहे.

आधी प्रसंग आठवू. २१ जुलै १९६९. अपोलो-११चं यान उतरलं तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून पावणेदोन वाजले होते. नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर पाय ठेवला तो सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. मुंबईत तेव्हा दूरदर्शन नव्हतं, ते सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे महाराष्ट्राने हा प्रसंग बघितलाच नाही, रेडिओवर ऐकला आणि वर्तमानपत्रात वाचला. 'टीव्हीवर दाखवलं आणि तुम्ही भुललात' हा आरोप निदान आपल्या आजी-आजोबांवर तरी करता येणार नाही! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्मस्ट्राँग, बझ ऑल्ड्रिन आणि मायकेल कॉलिन्स मुंबईलाही येऊन गेले.

आणि एकच मोहीम नव्हे. डिसेंबर १९७२पर्यंत सहा वेळा माणसं उतरली, एकूण बाराजण चंद्रावर चालले. हे मुद्दाम सांगतो, कारण 'ते झेंड्याचं काय?' म्हणणाऱ्या बहुतेकांना बाकीच्या पाच मोहिमा माहीतच नसतात.

आता झेंडा. हवा नाही तर झेंडा फडकतो कसा? तो फडकत नाही. वरच्या कडेला आडवी दांडी घातलेली आहे आणि घडी घालून नेलेल्या कापडाच्या चुण्या तशाच राहिल्या आहेत. आकाशात तारे का नाहीत? रात्री फ्लडलाइटमध्ये चाललेल्या कबड्डीच्या सामन्याचा फोटो काढा, खेळाडू नीट दिसतील, मागे एक तारा दिसणार नाही. उन्हात लख्ख पांढरा पोशाख घातलेल्या माणसाचा फोटो घेताना कॅमेऱ्याचं झाकण क्षणभरच उघडतं, तेवढ्यात ताऱ्यांचा मंद प्रकाश उमटत नाही. पृथ्वीभोवतीचे किरणोत्सारी पट्टे? अपोलोची यानं त्यांच्या दाट भागाला वळसा घालून काही तासांत पार झाली.

झालं? नाही. तुमचं तिसरं उत्तर संपायच्या आत समोरचा चौथ्या प्रश्नावर गेलेला असतो आणि पहिल्या तिन्हींचं काय झालं ते सांगत नाही. इथेच बहुतेक विज्ञानप्रेमी फसतात. झेंड्यामागे धावतात, मग सावल्यांमागे, मग बुटाच्या ठशामागे, आणि शेवटी घामाघूम होऊन 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणून मोकळे होतात. ऐकणाऱ्यांना वाटतं, यांच्याकडे उत्तर नसणार.

आपल्या न्यायशास्त्रात अशा बोलण्याला वितंडा म्हटलंय. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, दुसऱ्याच्या बाजूला फक्त भोकं पाडायची. त्यावर उपाय एकच, समोरच्याला त्याची बाजू मांडायला लावायची. मी अगदी शांतपणे विचारतो, ''बरं, गेले नाहीत असं धरू. मग काय झालं ते सांगा. चित्रण कुठे केलं? रॉकेट उडालं ते लाखो लोकांनी बघितलं, ते कुठे गेलं? ऑस्ट्रेलियातल्या हनीसकल क्रीक आणि पार्क्स इथल्या तबकड्या चंद्राकडे तोंड करून संदेश घेत होत्या, तो कुठून येत होता?'' इथे पहिल्यांदा समोरचा थांबतो. कारण शंका विचारायला काही लागत नाही, अख्खी गोष्ट सांगायला मात्र सगळे धागे जुळावे लागतात.

त्यातला सगळ्यात अवघड धागा रशियाचा. अपोलो-११ चंद्रावर असताना सोव्हिएत संघाचं लूना-१५ हे मानवरहित यान चंद्राभोवती फिरत होतं. अमेरिकेच्या आधी माती आणावी, ही त्यांची धडपड. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरून निघायच्या दोनेक तास आधी ते यान तिथेच आदळून फुटलं. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेत दोन्ही यानांचे संदेश ऐकू येत होते. ज्यांचं नाक असं भर बाजारात कापलं गेलं, त्यांना अमेरिकेची लबाडी पकडायला केवढा आनंद झाला असता! ते गप्प बसले. यावर 'रशियाही सामील होता' असं कोणी म्हणालं, तर ते म्हणणं त्याच्याच तोंडून पूर्ण होऊ द्यावं. मध्ये बोलू नये.

हा संशय आला कुठून, तेही बघण्यासारखं आहे. बिल केसिंग नावाचे गृहस्थ रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या एका कंपनीत तांत्रिक लेखनाचं काम करत. १९६३मध्ये, म्हणजे अपोलो उडायच्या कितीतरी आधी, त्यांनी ती नोकरी सोडली. १९७६मध्ये त्यांनी 'आम्ही कधी गेलोच नाही' अशा अर्थाचं पुस्तक स्वतःच काढलं. साल महत्त्वाचं आहे. व्हिएतनामबद्दल सरकार आपल्याशी खोटं बोललं, हे अमेरिकन लोकांना नुकतंच कळलं होतं. विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचं वॉटरगेट प्रकरण होऊन राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना ऑगस्ट १९७४मध्ये घरी जावं लागलं होतं. त्यामुळे संशय घेणारा माणूस मूर्ख असतो, असं मला वाटत नाही. सरकारं खोटं बोलतात, हा त्याचा अनुभव खरा आहे. पण त्याच अनुभवाचा पुढचा भागही त्याला दाखवावा. चंद्रावरच्या माणसांशी व्हाइट हाउसमधून फोनवर बोलले ते हेच निक्सन. त्यांना ती एका कार्यालयातली घरफोडी दोन-सव्वादोन वर्षं लपवता आली नाही, आणि चार लाख माणसांनी हातभार लावलेलं काम पन्नास वर्षांहून जास्त काळ खोटं राहिलं आणि एकालाही कंठ फुटला नाही?

आपल्याकडे हा वाद २०२३च्या ऑगस्टमध्ये नव्याने उसळला. व्हॉट्सअॅपवर फिरू लागलं, 'अपोलोला चार दिवस लागले, मग चंद्रयान-३ला चाळीस दिवस का? म्हणजे अमेरिकेचं खोटं.' हा प्रश्न मला आवडतो, कारण तो आकड्यांचा आहे आणि त्याचं उत्तर आकड्यांत देता येतं. अपोलोचं सॅटर्न-५ हे रॉकेट ११० मीटर उंच आणि इंधनासकट सुमारे २,९०० टन वजनाचं. आपलं एलव्हीएम-३ साडेत्रेचाळीस मीटरचं आणि ६४० टनांचं. सॅटर्नने पंचेचाळीस टनांच्या आसपास वजन थेट चंद्राच्या वाटेवर भिरकावलं. चंद्रयान-३ चार टनांहूनही थोडं कमी होतं, पण तेवढंही एका दमात चंद्राकडे ढकलण्याची ताकद आपल्या रॉकेटमध्ये नव्हती. मग इस्रोने काय केलं? यान पृथ्वीभोवती लांबट कक्षेत सोडलं. ते पृथ्वीच्या जवळून जाताना थोडा वेळ इंजिन चालवायचं, म्हणजे पुढची फेरी आणखी लांब जाते. असं करत करत वाट चंद्रापर्यंत ताणायची आणि तिथे पोचल्यावर हाच खेळ उलटा खेळत खाली यायचं. १४ जुलैला निघालेलं यान २३ ऑगस्टला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं. इंधन वाचवायचं म्हणून वेळ घालवला. अपोलोमध्ये तीन जिवंत माणसं होती, त्यांचा प्राणवायू आणि जेवण मोजून घेतलेलं. त्यांना चाळीस दिवस फिरवत ठेवणं परवडणारं नव्हतं.

त्याच सुमारास दुसराही एक फोटो फिरला. रोव्हरच्या चाकांनी चंद्राच्या मातीत उमटवलेली आपली राजमुद्रा, अगदी रेखीव. तो खोटा होता, कोणीतरी संगणकावर केलेलं चित्र. पुढे पाठवणाऱ्यांत विज्ञानाचा अभिमान बाळगणारे पुष्कळ होते. वादात उतरताना आपल्या बाजूचं असलं सामान आधी बाहेर काढून ठेवावं, नाहीतर समोरचा ते काढतो. अपोलो-११च्या मूळ संदेशाच्या चुंबकीय फिती नासाने पुसून पुन्हा वापरल्या, हे खरं आहे आणि नासाने ते कबूलही केलंय. प्रक्षेपित झालेलं चित्रण मात्र शाबूत आहे. हॉलंडमधल्या एका संग्रहालयात 'चंद्राचा दगड' म्हणून जपलेली वस्तू २००९मध्ये अश्मीभूत लाकूड निघाली, हेही खरं. माणसांनी ठेवलेल्या आरशांवर आजही लेसर मारला की अडीच सेकंदांत उजेड परत येतो, हा पुरावा आपण छाती फुगवून देतो. पण रशियाच्या मानवरहित गाड्यांवरही तसे आरसे आहेत. म्हणजे नुसत्या आरशावरून माणूस गेला होता हे सिद्ध होत नाही. हे आपणच सांगितलेलं बरं.

मग भक्कम काय आहे? माझं उत्तर, धूळ आणि दगड.

एप्रिल १९७२मध्ये अपोलो-१६च्या जॉन यंग यांनी चंद्रावर गाडी पळवली आणि चार्ली ड्यूक यांनी त्याचं चित्रण केलं. ते इंटरनेटवर आहे, जरूर बघा. गाडीकडे बघू नका, चाकांमागे बघा. उडालेली धूळ कमानीसारखी वर जाते आणि तशीच कमान करून खाली पडते. लोट उठत नाही, मागे धुरळा तरंगत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावरून एसटी गेली की काय होतं, ते सांगायला नको. बारीक धूळ हवेत अडकते, म्हणून तरंगते. इथे अडकायला हवाच नाही. हे स्टुडिओत करायचं, तर गाडी पळेल एवढी मोठी निर्वात खोली लागेल, आणि १९७२मध्ये संगणकावर असलं काही काढता येत नव्हतं.

आणि दगड. सहा मोहिमांनी मिळून ३८२ किलो दगडमाती आणली. रशियाच्या लूना-१६ने १९७०मध्ये यंत्राने आणली ती १०१ ग्रॅम. यातले काही नमुने मुंबईत आले होते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांचे सहकारी त्यांच्यावर काम करत होते. चंद्राला हवेचं पांघरूण नाही. त्यामुळे सूर्याकडून आणि त्याहूनही लांबून येणारे जड अणुगर्भ थेट खनिजाच्या कणात घुसतात आणि आपल्या वाटेवर सूक्ष्म इजा करून ठेवतात. तो कण घासून गुळगुळीत करायचा, योग्य रसायनात ठेवायचा. इजा झालेली जागा आधी झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघा दिसू लागतात. पृष्ठभागाजवळ रेघांची दाटी, आत जावं तसतशा विरळ. त्या मोजून हा कण किती काळ उघड्यावर पडून होता ते काढता येतं आणि तो आकडा लाखो-कोटी वर्षांत येतो. पृथ्वीवर हवेखाली पडलेल्या दगडात हे होत नाही. उल्कापाषाणात होतं, पण तो पडताना त्याची वरची साल जळून जाते. ही मोजदाद नासाने केलेली नव्हती, मुंबईत बसलेल्या माणसांनी केली होती.

एवढं सांगूनही समोरचा 'नाही' म्हणाला तर? मी एक पद्धत वापरतो, ती जयंत नारळीकरांच्या एका प्रयोगावरून घेतली आहे. २००८मध्ये त्यांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या मिळून दोनशे पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस द्यायच्या आणि त्याने कोणती कुणाची ते ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढी आलीच असती. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की कोणता निकाल कोणाच्या बाजूचा, हे आधी ठरलं होतं.

म्हणून मी विचारतो, ''काय दाखवलं तर तुम्हाला पटेल? आधी सांगा, मग शोधू.'' बरेचजण म्हणतात, उतरल्या जागेचे फोटो. ते आहेत. २००९पासून नासाच्या यानाने काढलेले आहेत, त्यात यानांचे तळ आणि चालल्याच्या पायवाटा दिसतात. नासाचे नकोत? आपल्या चंद्रयान-२चा ऑर्बिटर अजून चंद्राभोवती फिरतोय. त्याचा कॅमेरा पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो आणि त्यानेही अपोलोच्या जागा टिपल्या आहेत. इस्रोवरही विश्वास नाही म्हणाले, तर तिथे वाद थांबवायचा आणि चहा मागवायचा. २००२मध्ये एकाने बहात्तर वर्षांच्या ऑल्ड्रिन यांना तोंडावर 'भेकड, खोटारडा' म्हटलं तेव्हा त्यांनी त्याला ठोसा लगावला होता आणि त्यांच्यावर खटलाही झाला नाही. आपल्याला तेवढी सवलत मिळेल असं वाटत नाही.

आणि कोणी म्हणालं, ''मग दाखवा की तुमच्या दुर्बिणीतून झेंडा'', तर खरं तेच सांगायचं. दिसणार नाही. हबल दुर्बिणीलासुद्धा चंद्रावर साधारण शंभर मीटरपेक्षा लहान वस्तू दिसत नाही आणि उतरलेल्या यानाचा तळ चार-पाच मीटरचा. शुद्ध अष्टमीच्या आसपासची रात्र निवडा, साध्या दुर्बिणीतून चंद्राच्या नकाशात मध्यापासून थोडा पूर्वेकडचा, गडद राखाडी डाग शोधून द्या. अपोलो-११ त्याच्या नैर्ऋत्य काठाला उतरलं होतं. जागा दाखवता येते, झेंडा नाही.

नमस्कार.