रंग शेवटी वाचा

मंडळी, ‘रेड अलर्ट होता म्हणे, आमच्याकडे तर थेंब नाही!’ हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं. हसलात, म्हणजे तुम्हीही कधी ना कधी म्हटलं असणार. माझा राग बातमीवर आहे. इशाऱ्याचा रंग सांगतात, जिल्हा सांगतात आणि मधले दोन शब्द गाळतात : ‘तुरळक ठिकाणी’. हवामान विभागाच्या लेखी याचा अर्थ पक्का आहे : पाऊस मोजणाऱ्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. चारपैकी तीन केंद्रांवर तेवढा पाऊस झाला नाही, तरी इशारा खोटा ठरत नाही. २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७५च्याही आत. शहर एकच, दिवस एकच.

दुसरी तक्रार तारखेची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. मंगळवारच्या इशाऱ्यात बुधवारची पहाटही येते. मंगळवारी रात्री ‘गेला दिवस’ म्हणून तळघरात गाडी लावणारे तिथेच फसतात.

आता पावसाचं प्रमाण. ‘जोरदार’ म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, ‘अति जोरदार’ २०४.४ पर्यंत, त्यापुढे ‘अत्यंत जोरदार’. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ६५ मिलिमीटर पडला, तर साडेसहा हजार लिटर पाणी त्या एका पन्हाळीतून जायचं असतं. तिच्या तोंडाशी पाला अडकला असेल, तर ते जिन्यातून उतरतं. आणि हा आकडा २४ तासांचा आहे. तेवढंच पाणी दोन तासांत कोसळलं, तर गटारं पुरत नाहीत.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. खरं तर ‘इशारा आल्यावर काय करायचं’ हाच आजचा विषय होता, तेव्हा भराभर सांगतो.

रंग ठरतो दोन गोष्टींवरून : परिणाम किती गंभीर आणि तो होण्याची शक्यता किती. म्हणून चार दिवस आधीचा पिवळा आदल्या दिवशी नारिंगी होतो. याला घूमजाव म्हणू नका, खात्री वाढलेली असते. पिवळ्याला बातमीवर लक्ष ठेवा. नारिंगीला पन्हाळी साफ करा, फोन चार्ज करा, औषधं हाताशी ठेवा, गाडी उंचावर न्या. लाल आला की ही कामं झालेली असावीत. तेव्हा प्रवास टाळा आणि प्रशासन सांगेल ते करा.

सकाळचा इशारा दुपारी पुन्हा बघा. तीन तासांचा तातडीचा इशारा वेगळा निघतो, घराबाहेर पडताना तोच वाचा. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी फोनवर ‘दामिनी’ ॲप ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा, झाडाखाली नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका, कारण पाऊस थांबल्यावर शेतात परतणाऱ्यांवरही वीज पडते.